वर्षाची बरणी वरच्या फळीवर

पत्र नाशिकच्या एका ताईंचं आहे. वय ५८, पंचवटीत नदीपासून फार लांब नसलेलं जुनं घर, राहायला तळमजल्यावर, बहीण नाशिकरोडला. घरातला कॉम्प्युटर २०१४ साली घेतलेला, त्यावर विंडोज १०. डी ड्राइव्हमध्ये एकूण ३८० जीबीचा पसारा: १४० जीबी फोटो आणि व्हिडिओ (२००४ पासूनचे), दोनेक जीबी कागदपत्रं, बाकी सिनेमे आणि जुन्या मालिका. आणि तीन जीबीचं एक फोल्डर, ज्यात सासूबाईंनी २०११ मध्ये म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ४० रेकॉर्डिंग आहेत. सासूबाई आता नाहीत.

मध्यंतरी शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर बंद पडला आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून ताईंच्या जिवाला घोर लागलाय. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, सगळं क्लाउडवर टाक, झालं." यजमानांना आपले फोटो आणि कागद इंटरनेटवरून कुठल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे परक्याच्या घरी ठेवणं पटत नाही, त्यांनी दोन टीबीची हार्ड डिस्क आणून सगळं एकदा कॉपी केलंय आणि ती कायम कॉम्प्युटरला लावलेली असते. भाचा म्हणतो, दोन डिस्कवाला नॅसचा डबा (घरातल्या सगळ्या यंत्रांना नेटवर्कवरून वापरता येणारी डिस्कची पेटी) घ्या. ताई विचारतात: "तिघांपैकी कुणाचं ऐकू? एकच काय ते सांगा. मला त्यातलं काही कळत नाही, आणि यावरून घरात रोज वाद नको."

प्रिय ताई,

पुढचं निवांत वाचा, पण आधी उठून एक काम करा. घरात असेल तो पेन ड्राइव्ह लावा आणि ओव्यांचं फोल्डर त्यावर उतरवून घ्या. तीन जीबी म्हणजे काही मिनिटांचं काम. पेन ड्राइव्ह कायमच्या भरवशाचा नसतो, तरी आज रात्रीपुरता तो पुरेल. तुमच्या कॉम्प्युटरमधली डिस्क दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. आपण विचार करत बसू आणि तेवढ्यात ती बसेल, असं व्हायला नको.

झालं? आता बोलू.

तुमच्या पत्रातल्या "एकच" या शब्दावर मी अडले. तिघं तीन उत्तरं देतायत असं तुम्हाला वाटतंय, पण नीट पाहिलं तर तिघं तीन वेगळ्या भीतींबद्दल बोलतायत. यजमानांची भीती अशी की कॉम्प्युटर बिघडला तर काय. मुलगा लांबून विचार करतो, त्याच्या डोळ्यांपुढे घराला काही झालं तर काय, हे आहे. भाच्याला वाटतं, एक डिस्क गेली तरी काम अडायला नको. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आणि तिघांनीही एक गोष्ट विचारलेली नाही, जी घराघरांत होते: माणसाचा हात चुकला तर? चुकीचं फोल्डर पुसलं गेलं, एका फाइलवर दुसरी सेव्ह झाली आणि हे दोन महिन्यांनी लक्षात आलं तर?

लोणच्याचं उदाहरण घेते, कारण ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. वर्षाचं लोणचं आपण मोठ्या बरणीत भरतो, दादरा बांधून वरच्या फळीवर ठेवतो. रोजच्यासाठी छोट्या बरणीत काढून घेतो. का? तर छोट्या बरणीला कुणाचा तरी ओला चमचा लागतोच, ते गृहीतच असतं. मोठी बरणी त्या चमच्याच्या हाताबाहेर असते.

यजमानांनी आणलेली डिस्क चांगली आहे, कॉपी केली तेही उत्तम केलं. पण ती कायम लावलेली असते, म्हणजे मोठी बरणीही जेवणाच्या टेबलावरच उघडी ठेवल्यासारखं झालं. रॅन्समवेअर नावाचा प्रकार असतो: एखाद्या मेलमधून, फुकटात उतरवलेल्या सॉफ्टवेअरमधून आत शिरतो, सगळ्या फाइलींना कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर हाच धुमाकूळ घातला होता. असा प्रोग्रॅम फक्त सी आणि डीवर थांबत नाही, त्या क्षणी जी जी डिस्क जोडलेली असेल तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो.

विजेचंही तसंच. हे मी अनुभवलंय. माझ्या वडिलांच्या डायऱ्या मी दोन सुट्ट्या खर्चून स्कॅन केल्या होत्या. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि दोन्ही एकाच एक्सटेन्शन बोर्डावर. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज गेली, आली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना म्हणून मी डिस्क शेजारच्यांच्या लॅपटॉपला लावली. दिवा लागला नाही. कान लावला तर फिरण्याची बारीक घरघरही नाही. हातात नुसती एक थंड पेटी. डायऱ्यांचे मूळ कागद वाळवी खात चालली होती म्हणूनच मी ते स्कॅन केले होते, त्यामुळे मागे जायलाही काही उरलं नव्हतं. माझ्याकडे दोन प्रती होत्या, ताई. दोन्हींवर संकट एकाच वाटेने आलं.

म्हणून तिघांतला एक निवडू नका. छायाचित्रकारांमध्ये एक हिशेब रूढ आहे, पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला: तीन-दोन-एक. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली निदान एक घराबाहेर. तुमच्या घरात यासाठी लागणारं बरंचसं सामान आधीच आहे, फक्त मांडणी बदलायची आहे.

त्याआधी पसारा निवडा. "३८० जीबी कुठे ठेवू" या प्रश्नाने तुम्ही दबून गेला आहात, पण सिनेमे आणि मालिका गेल्या तर गेल्या, त्या पुन्हा मिळतील. परत न मिळणारं आहे ते फोटो, ओव्या, कागदपत्रं, म्हणजे जेमतेम १४५ जीबी. डी ड्राइव्हमध्ये एकच मोठं फोल्डर करा, त्याला "जपायचं" असं नाव द्या आणि हे सगळं त्यात हलवा. डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, फोनवरून काढलेल्या कुठल्या कुठल्या फोल्डरांत विखुरलेले फोटोही त्यातच आणा. या कामाला दोन-तीन दुपारी जातील, आणि खरं काम हेच आहे. ते झालं की पुढचं सोपं आहे.

इथे दोन गैरसमज बाजूला करते, तुमच्यासारख्या इतरांसाठीही. पहिला डी ड्राइव्हचा. कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला की "सी फॉरमॅट मारतो, डीला हात लावत नाही" असं दुकानात सांगतात, त्यामुळे डी म्हणजे तिजोरी असं आपल्या डोक्यात बसलंय. पण बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घर पडलं तर दोन्ही खोल्या पडतात. दुसरा व्हॉट्सअ‍ॅपचा. "फोटो ग्रुपवर टाकलेत म्हणजे आहेतच" असं म्हणतात, पण नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसून जातो. फोनवर तो बरा दिसतो, पण मोठा छापायला गेलात की भुरकट येतो.

आता मांडणी. यजमानांची डिस्क ही तुमची पहिली प्रत. तिच्यावर विंडोजमधलंच फाइल हिस्टरी सुरू करा, कंट्रोल पॅनलमध्ये सापडेल, वेगळे पैसे नाहीत. फाइल हिस्टरीचा फायदा असा की ती फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखते. आज चुकून बिघडवलेली फाइल मागच्या महिन्यात कशी होती ते काढता येतं. मात्र ती आपणहून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशी ठरावीक फोल्डरंच घेते. तुमचं "जपायचं" डीमध्ये आहे, ते तिला वेगळं दाखवून द्यावं लागेल. अनेकांची फसगत इथेच होते: बॅकअप चालू असल्याचं स्क्रीनवर दिसतं आणि नेमकं हवं ते त्यात नसतं. आणि ही डिस्क रविवारी सकाळी लावायची, काम संपलं की "इजेक्ट" करून काढायची, कपाटात ठेवायची. आठवड्याचे उरलेले सहा दिवस तिचा कॉम्प्युटरशी आणि विजेशी संबंध नको.

दुसरी प्रत घराबाहेर. आपण नाशिककर, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून पूर मोजणारी माणसं. २००८, २०१६, २०१९ ला गोदा कशी चढली ते तुम्ही तुमच्या दारातून पाहिलं असेल. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की सराफ बाजारातले, भांडी बाजारातले दुकानदार आधी माल हलवतात, पाणी यायची वाट बघत नाहीत. तळमजल्यावर राहणाऱ्याने आपल्या फोटोंबाबत तसंच वागावं. एक टीबीची अजून एक डिस्क घ्या, जमलं तर वेगळ्या कंपनीची. तिच्यावर "जपायचं" फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा आणि ती तुमच्या नाशिकरोडच्या बहिणीकडे ठेवा. बँकेत लॉकर असेल तर तिथेही चालेल, पण बहिणीकडे तुम्ही जास्त वेळा जाल. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला ही डिस्क आणायची, नवीन भर घालायची, परत पोचवायची. दसऱ्याला सीमोल्लंघन करतोच आपण, त्या दिवशी डिस्कलाही शिवेबाहेर न्या.

तिसरी प्रत मुलाच्या म्हणण्याप्रमाणे क्लाउडवर. त्याचं बरोबर आहे, फक्त "झालं" हा शब्द बरोबर नाही. गूगलच्या खात्यावर १५ जीबी फुकट मिळतात, त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं येतं. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेला प्रत्येक फोटो या हिशेबात धरला जातो. म्हणजे १४५ जीबीसाठी पैसे भरावे लागणार. दोनशे जीबीची जागा तुम्हाला काही वर्षं पुरेल. फोटो चढवताना "ओरिजिनल क्वालिटी" निवडा. वेळेचीही तयारी ठेवा: अपलोडचा वेग ३० एमबीपीएस असेल तर १४५ जीबीला कागदावर अकरा तास लागतात, प्रत्यक्षात दोन-तीन रात्री कॉम्प्युटर चालू ठेवावा लागेल. पहिल्या रात्रीच कंटाळून सोडू नका.

क्लाउडबद्दल सावध राहायचं ते सिंकमुळे. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर हे आरशासारखं असतं: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, मग जाते. चूक दीड महिन्याने लक्षात आली तर क्लाउड तुमच्या उपयोगाला येणार नाही, बहिणीकडची डिस्क येईल. शिवाय दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गूगल ते खातं बंद करून आतलं सगळं पुसू शकतं, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे दोन डिस्क असूनही क्लाउड आणि क्लाउड असूनही दोन डिस्क.

यजमानांच्या आक्षेपाकडे मात्र मुलाने "जुनाट विचार" म्हणून पाहू नये. आधार, पॅन, घराचं खरेदीखत, बँकेची पासबुकं यांच्या स्कॅन कॉपी उघड्या पडल्या तर मनस्ताप होतोच. त्याला साधा उपाय आहे: कागदपत्रांचं दोन जीबीचं फोल्डर सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरने पासवर्ड घालून एका फाइलीत बंद करा, आणि तीच बंद फाइल क्लाउडवर आणि बहिणीकडच्या डिस्कवर जाऊ द्या. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डसोबत फोनवरची दुसरी खात्रीही मागितली जाते. पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवू नका. एका वहीत लिहून ती वही दागिने किंवा पॉलिसीच्या कागदांसोबत ठेवा. यजमानांना हे दाखवा. त्यांची हरकत क्लाउडला नसावी, कागद उघडे राहण्याला असावी असं मला त्यांच्या बोलण्यावरून वाटतं.

भाच्याचा नॅस तुमच्यासाठी नको. चार कॉम्प्युटर असलेलं घर असेल, फोटो स्टुडिओ असेल, रोज दोन-चार जण एकाच फाइलींवर काम करत असतील तर तो डबा कामाचा. त्यातल्या दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब असतात. एक मेली तर दुसरी चालत राहते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. शिवाय त्याला यूपीएस हवा, अपडेट हवेत, कुणीतरी राखणारं हवं. त्या पैशांत दोन साध्या डिस्क येतील.

कॉम्प्युटरबद्दलही थोडं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज ना उद्या नवं यंत्र घ्यावं लागेल, किंवा कुणी अपग्रेड करून देतो म्हणेल. तिन्ही प्रती तयार होईपर्यंत कुणालाही या कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका. आणि मधेच डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला तर ताबडतोब बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. डेटा रिकव्हरीवाले धूळविरहित खोलीत डिस्क उघडून फाइली काढू शकतात, पण ते खर्चिक असतं आणि हमी कुणी देत नाही.

एवढं करूनही एक काम राहतं, जे मी स्वतः फार उशिरा शिकले. प्रत आहे असं मानणं वेगळं आणि तिच्यातून फाइल परत काढून पाहणं वेगळं. खंडेनवमीला आपण कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. त्याच दिवशी तिन्ही प्रतींमधून एकेक फोटो आणि एकेक ओवी काढा आणि दुसऱ्याच कुठल्या यंत्रावर, म्हणजे मुलाच्या लॅपटॉपवर किंवा बहिणीच्या घरी, उघडून पाहा. फोटो पूर्ण दिसतो का, ओवी शेवटपर्यंत वाजते का? वाजली तर वहीत तारीख टाका. नाही वाजली तर त्याच दिवशी दुरुस्त करा, बाकी दोन प्रती तुमच्या पाठीशी असतील.

डिस्काही म्हाताऱ्या होतात. पाचेक वर्षं झाली की नवीन घेऊन तिच्यावर सगळं उतरवा. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आजही सापडतात त्या कागद चिवट होता म्हणून नव्हे. चोपडी जीर्ण झाली की कुणीतरी बसून ती नव्या चोपडीत उतरवली म्हणून.

"मला त्यातलं काही कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय. काय जपायचं हे त्या घरात तुम्हालाच सगळ्यात आधी कळलं, २०११ मध्ये, जेव्हा तुम्ही सासूबाईंपुढे रेकॉर्डर ठेवलात. म्हणून हे काम मुलावर किंवा भाच्यावर सोपवू नका. पहिल्यांदा सेटिंग करायला मुलाला दिवाळीत बसवा, पण माउस तुमच्या हातात असू द्या, आणि प्रत्येक पायरी तुमच्या शब्दांत वहीत लिहा. डिस्क लावायचा रविवार यजमानांकडे द्या, डिस्क त्यांनी आणली आहे. क्लाउडचं खातं मुलाने सांभाळावं. मग वाद कशावरून व्हायचा ते तरी राहणार नाही.

शेवटी ओव्यांबद्दल. त्या फाइलींची नावं "रेक ००१", "रेक ०१४" अशीच असतील, रेकॉर्डर देतो तशी. तिन्ही प्रती शाबूत राहिल्या तरी वीस वर्षांनी तुमच्या नातीला त्या चाळीस आकड्यांतून काय कळणार? पसारा आवरून झाला की रोज दुपारी एक फाइल ऐकायला घ्या. तिला ओवीच्या पहिल्या चार शब्दांचं नाव द्या. शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलीत सासूबाईंचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, रेकॉर्डिंगचा महिना लिहा. ही ओवी त्या कधी म्हणायच्या, कुणाकडून शिकल्या, अडलेला शब्द कोणता आणि त्याचा अर्थ काय, तेही लिहा. मागे जात्याची घरघर ऐकू येते की त्या नुसत्याच बसून म्हणतायत? मधेच "आई, अजून एक" असं म्हणणारा आवाज कुणाचा आहे? तेही लिहून ठेवा.